वही त्याची, खोडरबर तुमच्या हातात

प्रश्न : माझा मुलगा चौथीत आहे, मुलगी पहिलीत. मुलाच्या गृहपाठावरून घरात रोज वाद होतात. कामावरून आले की मी त्याच्या शेजारी बसते, दीड-दोन तास जातात. मी उठले की त्याची पेन्सिल थांबते. चुकलेलं मी खोडते आणि पुन्हा लिहायला लावते. गणित मलाही कधी जमलं नाही, त्यामुळे तिथे माझा आवाज चढतो. दप्तर मीच भरते, प्रकल्पही रात्री जागून मीच पुरा करते. यंदा अभ्यास वाढलाय आणि शाळा म्हणते, मुलांना जबाबदारी घेऊ द्या. सोडून दिलं तर तो मागे पडेल, अशी भीती वाटते. हा करिअरचा प्रश्न नाही, तरी विचारते. – एक आई

उत्तर : ताई, हा करिअरचाच प्रश्न आहे. माझ्यासमोर सतरा-अठरा वर्षांची मुलं येऊन बसतात. अर्जाची शेवटची तारीख कोणती, असं मी मुलाला विचारते आणि तो वडिलांकडे बघतो. गुण चांगले असतात, हुशारीही असते. पण तारीख लक्षात ठेवणं, कागद जमवणं, अडलं तर तोंड उघडून विचारणं ही कामं त्याच्या वाट्याला कधी आलेलीच नसतात. अठराव्या वर्षी ती एकदम शिकवता येत नाहीत, हे मी रोज बघते. म्हणून चौथीतल्या मुलाच्या आईने हे आत्ताच विचारलं याचा मला फार आनंद झाला.

तुमच्या पत्रातल्या एका वाक्यापाशी मी थांबले : ‘चुकलेलं मी खोडते.’

समजा, त्याने ५२ मधून २७ वजा करून ३५ लिहिले. तुम्ही ३५ खोडता, ‘नीट कर’ म्हणता, दोनदा रागावता आणि शेवटी २५ सांगून टाकता. वहीत २५ जातं, बाई बरोबरची खूण करतात. पण ते ३५ उगाच आलेलं नव्हतं. एकक स्थानी २ मधून ७ जात नाहीत, म्हणून त्याने उलट ७ मधून २ काढले आणि ५ लिहिले. मग दशक स्थानी ५ मधून २ गेले, ३ राहिले. ‘मोठ्यातून लहान काढायचा’ असा एक नियम त्याच्या डोक्यात बसलाय आणि तो इमानाने पाळतोय. दशकाकडून एक उसना घेतला की त्याचे दहा एकक सुटे होतात, हे मात्र त्याला अजून उमगलेलं नाही. बाईंना नेमकं हेच कळायला हवं होतं. खोडरबराने ते पुसून टाकलं.

तेव्हा उद्यापासून खोडरबर त्याच्याकडे. चूक दिसली तर तिच्यावर बोट ठेवू नका. ‘हे कसं काढलंस, मला सांग बरं’ एवढंच म्हणा. सांगता सांगता मूल पुष्कळदा स्वतःच थबकतं. नाही थबकलं, तर ३५ तसंच राहू द्या आणि खाली बाईंसाठी एक ओळ लिहा : उसना घेताना अडतो. चुकीचं उत्तर असलेली वही शाळेत पाठवायला तुम्हाला जड जाईल, माझी खात्री आहे. तरी पाठवा.

गणिताच्या धास्तीबद्दल तुम्ही मोकळेपणाने लिहिलंत, म्हणून सांगते. पहिली-दुसरीतल्या ४३८ मुलांवरचा एक अमेरिकी अभ्यास २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. ज्या पालकांना स्वतःलाच गणिताची धास्ती होती आणि जे गृहपाठात वारंवार मदत करत होते, त्यांची मुलं वर्षभरात गणित कमी शिकली आणि त्यांच्या मनातही ती धास्ती जास्त दिसली. असेच पालक क्वचित मदत करत असतील, तिथे हा परिणाम दिसला नाही. म्हणजे गणिताच्या वेळी तुम्ही बाजूला झालात, तर त्यात मुलाचं नुकसान नाही. अपराधी वाटून घेऊ नका.

आता वेळेचं. गृहपाठावरच्या संशोधनात हॅरिस कूपर हे नाव सतत येतं. १९८७ ते २००३ या काळातले अभ्यास एकत्र तपासून त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००६ मध्ये निष्कर्ष मांडले. प्राथमिक वर्गांत गृहपाठ आणि गुण यांचा संबंध फारच क्षीण दिसतो, वरच्या वर्गांत तो वाढतो. कूपर यांनी पुरस्कारलेला अंदाज सोपा आहे : इयत्तेला रोजची दहा मिनिटं. चौथीला चाळीस. तुमच्याकडे दोन तास जातात. चाळीस मिनिटं मन लावून बसल्यावरही काम उरलं, तर वही मिटा आणि ‘एवढ्या वेळात एवढं झालं’ असं लिहून पाठवा. झोपेतून वेळ काढू नका. सहा ते बारा वर्षांच्या मुलांना नऊ ते बारा तास झोप लागते.

शेजारून एकदम उठू नका, तो गांगरेल. पहिले काही दिवस त्याच टेबलाशी, पण आपलं काही काम घेऊन बसा. सुरुवातीला त्याने सांगायचं, आज काय काय आहे आणि आधी काय करणार. शेवटी त्याने दाखवायचं. मधली मिनिटं त्याची. मग खोलीच्या दुसऱ्या टोकाला, मग दुसऱ्या खोलीत. या टप्प्यांना दोन-तीन आठवडे लागतील. मध्ये एखादा दिवस सगळं फिसकटेल, त्याने बिचकू नका.

दप्तराची सूचना तोंडी देऊ नका. ‘वही घे, कंपास घे, बाटली भर, सही घेतलीस का’ यातलं शेवटचं ऐकेपर्यंत पहिलं विसरलेलं असतं, त्या वयात डोक्यात एका वेळी फार गोष्टी मावत नाहीत. त्याच्याच अक्षरात यादी करून दाराजवळ लावा आणि रात्री झोपण्यापूर्वी तो भरेल असं ठरवा. वही राहिली तर शाळेत नेऊन देऊ नका, पण हे त्याला आधीच सांगून ठेवा. न सांगता केलंत तर त्याला ती शिक्षा वाटेल. चष्मा किंवा औषध राहिलं तर मात्र धावत जा, तिथे धडा शिकवायचा नसतो.

प्रकल्प वाकडातिकडा झाला तरी त्याचाच जाऊ द्या.

एक गोष्ट नक्की तपासा. तो करत नाही की त्याला करता येत नाही? वाचताना ओळ सुटणं, तोंडी फडाफडा सांगून लिहिताना अडणं, फळ्यावरचं चुकीचं उतरवणं, असं वारंवार होत असेल तर शिस्तीचा विचार बाजूला ठेवा. आधी डोळे आणि कान तपासून घ्या, वर्गशिक्षिकेशी बोला, गरज वाटल्यास अध्ययन अक्षमतेची चाचणी करून घ्या. अशा मुलाला ‘स्वतःचं स्वतः कर’ म्हणून सोडणं त्याच्यावर अन्याय ठरेल.

आणि धाकटी. ती हे सगळं बघतेय. तिच्यासाठी अक्षरांऐवजी चित्रांची यादी करा आणि दप्तराची चेन तिलाच लावू द्या. अडकेल, वेळ लागेल, सकाळची घाई असेल तर तुमचे हात शिवशिवतील. म्हणून हेही रात्रीच. महिन्याभराने मला पुन्हा लिहा, आणि त्या यादीत दादाने स्वतःहून काही नवं लिहिलं असेल तर तेही कळवा.