पुढच्या वर्षी बघू

"यांना काहीतरी झालंय, मॅडम. आधी घरात टिकायचे नाहीत, आता घर सोडत नाहीत," काकूंनी खुर्चीत बसायच्या आधीच सांगून टाकलं. काका मागे दाराशी उभे होते. त्यांनी नमस्कार केला आणि पहिला प्रश्न विचारला, "इथे बाथरूम कुठंय?"

तो प्रश्न मी तेव्हा नीट ऐकला असता, तर आमच्या दोन बैठका वाचल्या असत्या.

पुण्यात मी गेली बरीच वर्षं ज्येष्ठांसाठी समुपदेशन करते. सुनेच्या आणि मालमत्तेच्या तक्रारींखालोखाल माझ्याकडे येणारं गाऱ्हाणं हे फिरण्याचं असतं. नोकरीत वेळ नव्हता, मुलांच्या शिक्षणात पैसा नव्हता, आता दोन्ही आहे तर दोघांतला एक जण नाही म्हणतो. मग दुसऱ्याने काय करायचं? मन मारून घरात बसायचं, की एकट्याने निघायचं? या काका-काकूंनी लिहायची परवानगी दिली आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

काका ७२ वर्षांचे, वीज मंडळातून निवृत्त झालेले. काकू ६७, प्राथमिक शाळेत शिक्षिका होत्या. काका निवृत्त झाले त्या आठवड्यात दोघांनी एका जुन्या डायरीत यादी केली होती: हंपी, रामेश्वर, कन्याकुमारी, चारधाम, सिक्कीम, गिरनार. काकूंनी ती डायरी सोबतच आणली होती. झालेल्या ठिकाणांपुढे बरोबरच्या खुणा, शिक्षिकेच्या लाल पेनाने. २०१९पर्यंत खुणा भराभर पडलेल्या. मग टाळेबंदी आली, ती दोन वर्षं सगळ्यांचीच गेली. त्यानंतर मात्र एकही खूण नाही. काकू ठिकाण काढायच्या, काका म्हणायचे, "पुढच्या वर्षी बघू." कधी ऊन, कधी गर्दी, कधी सोसायटीची सभा. मेलबर्नची मुलगी फोनवरून सांगायची, "आता झालं की फिरून, घरी आराम करा." काकूंना त्याचाच जास्त राग होता.

मी ठराविक वाटेने गेले, हे कबूल करते. माणूस आवडीच्या गोष्टी सोडायला लागला की आधी नैराश्याची शंका घ्यावी, हे आमच्या हाडात भिनलेलं असतं. काकांना झोप, भूक, रडू, निरर्थक वाटणं असे सगळे प्रश्न विचारून झाले. काका नातवाशी व्हिडिओ कॉलवर बुद्धिबळ खेळत होते, सकाळचा पेपर पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचत होते. नैराश्य काही दिसेना. मग मला वाटलं, करोनाची भीती मनात राहिली असेल. तीही नव्हती. काकू म्हणाल्या, "चिक्कू झालेत, दुसरं काही नाही."

दुसऱ्या बैठकीत मी चहा मागवला. काकूंनी घेतला, काकांनी कपाला हात लावला नाही. पाण्याचा ग्लासही तसाच. मे महिना होता. चाळीस मिनिटांनी ते उठून बाहेर जाऊन आले. मागच्या वेळीही असेच गेले होते, आणि दोन्ही वेळा त्यांनी दाराजवळचीच खुर्ची धरली होती. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला.

तिसऱ्यांदा मी काकांना एकट्यालाच बोलावलं. सरळ विचारलं तर पुरुष माणूस या विषयावर तोंड उघडत नाही, हा माझा अनुभव. म्हणून म्हटलं, "काका, सकाळी फिरायला कुठे जाता?" त्यांनी रस्ता सांगितला. बागेच्या फाटकातून आत, डावीकडून एक फेरी, मग बँकेच्या गल्लीतून परत. "बँकेच्या गल्लीतूनच का? तो तर वळसा आहे." काका हसले. "तिथे सुलभ आहे."

मग ते बोलले. अक्कलकोटहून परतताना सोलापूर रस्त्यावर खाजगी बसमध्ये त्यांना जोरात लघवीला लागली. आधी एकदा त्यांनी गाडी थांबवायला लावली होती, तेव्हाच मागच्या बाकांवर कुजबुज झाली होती. दुसऱ्यांदा सांगितल्यावर क्लीनर म्हणाला, "आजोबा, आता थेट इंदापूरला." काकांनी दात-ओठ आवळून धरलं. जमलं नाही. बाटलीतलं पाणी त्यांनी मुद्दाम पँटवर ओतून घेतलं आणि काकूंना सांगितलं, बाटली सांडली.

"चाळीस वर्षं खांबांवर, सबस्टेशनात काम केलं," ते म्हणाले. "वादळात लाईन गेली की रात्री-बेरात्री निघायचो. आणि आता मला क्लीनरची परवानगी लागते."

मी काही बोलले नाही. बोलण्यासारखं नव्हतंही.

तेव्हापासून त्यांनी उपाय म्हणून पाणी कमी केलं होतं. बहुतेक जण हेच करतात आणि यानेच दुखणं वाढतं. लघवी घट्ट झाली की मूत्राशय जास्त चिडतं, वर बद्धकोष्ठता, आणि ती त्या जागी आणखी दाब आणते. शिवाय वयाबरोबर तहानेची जाणीवच मंदावते, त्यामुळे उन्हाळ्यात म्हातारी माणसं कळायच्या आत कोरडी पडतात. हे औषधाविना सुटणारं नव्हतं. मी त्यांना मूत्ररोगतज्ज्ञाकडे पाठवलं. अपेक्षेप्रमाणे प्रोस्टेट वाढलेलं निघालं. गोळी सुरू झाली. तिच्यासारख्या काही गोळ्यांनी पटकन उभं राहताना रक्तदाब घसरून चक्कर येऊ शकते, तेव्हा रात्री उठताना आधी पलंगाच्या काठावर मिनिटभर बसायचं, हे डॉक्टरांनी बजावलं. रक्तदाबाच्या गोळ्यांत एक लघवी वाढवणारी होती. प्रवासाच्या दिवशी ती कधी घ्यायची तेही त्यांनी ठरवून दिलं. हे विचारल्याशिवाय कोणी सांगत नाही, आणि स्वतःच्या मनाने गोळी पुढे-मागे करू नये. घड्याळ लावून ठराविक वेळाने जायचं आणि ते अंतर हळूहळू वाढवायचं, हा सरावही त्यांनी दिला.

आता काकूंना सांगायचं कोणी? काका म्हणाले, "तुम्हीच सांगा." मी म्हटलं, तुम्हीच सांगा, मी बसते बाजूला.

काका बराच वेळ खाली बघून बोलत होते. अक्कलकोट, क्लीनर, बाटली. काकूंनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "अहो, कपडे धुतं कोण आपल्या घरात?"

काकूंना पहिल्या दिवसापासून माहीत होतं. पाणी सांडलेली पँट आणि तसली पँट यांतला फरक धुणाऱ्या बाईला कळणार नाही? पण यांना लाज वाटू नये म्हणून त्या बोलल्या नव्हत्या. एकदा झालं, पुन्हा होणार नाही, असं धरून चालल्या होत्या. दोघं एकमेकांना सांभाळत होती आणि त्या सांभाळण्यातच चार वर्षं गेली होती.

इथे गोष्ट संपली असती तर बरं झालं असतं. पण काकूंच्या रागाचा हिशेब लागत नव्हता. माहीत असताना इतकी चिडचिड का? मी विचारलं, "काकू, एवढी घाई कसली आहे?" त्या थोड्या गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "माझे गुडघे चालतायत तोवर."

चालत नव्हतेच ते फारसे. आमच्या इमारतीचा जिना दोन मजल्यांचा. काकू कठडा धरून, दर पायरीला दोन्ही पाय टेकवत यायच्या, ते मी पाहिलं होतं. आणि डायरीतलं उरलेलं मोठं नाव होतं गिरनार! काकूंच्या माहेरी दत्ताची उपासना, त्यामुळे ही इच्छा नुसत्या सहलीची नव्हती. पण गिरनार म्हणजे सुमारे दहा हजार पायऱ्या. यादी त्रेपन्नाव्या वर्षी केली होती, गुडघे सदुसष्टाव्या वर्षी होते. काकांचं दुखणं लपवलेलं होतं, काकूंचं डोळ्यांसमोर होतं, पण त्या स्वतःच बघत नव्हत्या. काका येत नाहीत म्हणून राहिलं, असं म्हणता येत होतं तोवर गुडघ्यांचा विषय निघत नव्हता.

हे मी त्यांना इतक्या स्पष्ट शब्दांत सांगितलं नाही. फक्त म्हटलं, "डायरीचं नवीन पान काढू या. ठिकाणं नंतर लिहा. आधी, कोणाला किती वेळाने काय लागतं ते लिहा."

तो तासभर मजेचा गेला. काकांचं कलम एक: दीड-दोन तासांत स्वच्छतागृह. काकूंचं: पायऱ्या असतील तर किती, ते आधी कळायला हवं. काकांना डाव्या कानाने कमी ऐकू येतं, तेव्हा गाईडच्या मागे पळणाऱ्या पंचवीस जणांच्या ग्रुपमध्ये त्यांना काही कळत नाही. काकूंना मधुमेह, जेवण वेळेवर हवं. रात्री परक्या बाथरूममध्ये दिवा चालू ठेवायचा, हे मी घातलं. घरी डोळे मिटून जाणारा माणूस लॉजमध्ये उंबऱ्याला अडखळतो, आणि या वयातलं पडणं सहलीपुरतं राहत नाही. सगळ्यात लांब चर्चा एका दिवसात किती ठिकाणं यावर झाली. पूर्वी त्यांनी पाच दिवसांत सात ठिकाणं केली होती, रोज बॅग भरायची, रोज नवी उशी. आता एका ठिकाणी तीन रात्री, असं ठरलं. काकूंना ते पैसे फुकट घालवल्यासारखं वाटलं. "तीन दिवस तिथे करायचं काय?"

पहिला प्रवास मी मुद्दाम रेल्वेचा सुचवला, कारण रेल्वेच्या डब्यात थांबा मागावा लागत नाही. ज्येष्ठांसाठी खालच्या बर्थचा कोटा असतो: पुरुषांना साठीनंतर, बायकांना पंचेचाळिशीनंतर. तिकिटाची सवलत मात्र २०२० साली बंद झाली. (एसटीचं उलट आहे. २०२२पासून पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना राज्यात प्रवास मोफत. आमचे एक आजोबा म्हणतात, कंबरेने राजीनामा दिल्यावर सरकारने पास दिला.) सगळे जण टाळतात ती टोकाची, संडासाजवळची बर्थ काकांना हवी होती. मिळालीही.

गेले कोल्हापूरला. पुण्याहून गाडीने सात-आठ तास. अंबाबाईचं दर्शन पहिल्याच सकाळी झालं, आणि दुपारपासून काकूंना काही करायला उरलं नाही. दुसऱ्या दिवशी रिक्षाने रंकाळ्यावर जाऊन बसले. तिसऱ्या दिवशी पुन्हा तिथेच. काका एका निवृत्त पोस्टमनशी बोलत बसले, काकू कठड्यावर बसून पाण्याकडे बघत होत्या. पन्हाळ्याला जायचं ठरलं होतं, ते गेले नाहीत. "नाही गेलो, आणि काही वाटलं नाही," काकूंनी येऊन सांगितलं. त्यांचा आवाज जरा चकित झाल्यासारखा होता.

माझ्याकडे येणाऱ्यांना मी हेच सांगते की पहिला प्रवास छोटा, अर्ध्यावरून परत फिरता येईल असा ठेवा. लेह साडेतीन हजार मीटरवर आहे, केदारनाथ त्याहून थोडं वर. अशी ठिकाणं धाडसाची परीक्षा म्हणून निवडू नयेत. डॉक्टर हो म्हणाले तरी तिथे चढताना आणि विरळ हवेची सवय होताना द्यायचा वेळ पॅकेज टूरवाल्यांच्या कागदावर नसतो. आणि एकाला जमत नसेल तर दुसऱ्याने जावं का, या प्रश्नावर माझं उत्तर हो असं आहे, फक्त कारण उघड झाल्यानंतर. कारण दडलेलं असताना एकट्याने गेलेला माणूस रागाने जातो, आणि घरी राहिलेला सुटलो म्हणून राहतो.

गिरनारला काकू गेल्या, त्यांच्या धाकट्या बहिणीबरोबर. काका सोबत होते, पण तळेटीपर्यंतच. तिथे भवनाथाजवळ खोली घेतली होती. २०२०च्या ऑक्टोबरात रोपवे सुरू झाला, तो अंबाजीच्या मंदिरापर्यंत नेतो. निम्म्या पायऱ्या वाचतात. पण दत्ताच्या पादुका तिथून बऱ्याच पुढे. आधी गोरक्षनाथाचं शिखर, तेच सगळ्यात उंच, आणि मग आधी खाली उतरून पुन्हा चढायचं. दुखऱ्या गुडघ्यांना चढण्यापेक्षा उतरणं जड जातं, हे ज्याचं त्याला कळतं. डोली करायची असं ठरलं होतं, काकांनी त्याचे पैसे वेगळे काढून दिले होते.

परत आल्यावर काकू एकट्याच भेटायला आल्या. प्रसाद दिला. "अगं, डोलीत बसवेना," त्या म्हणाल्या. आता मी मॅडमची 'अगं' झाले होते. "आधी वजन करतात. मग ती बारीक पोरं खांद्यावर घेणार. मी म्हटलं, चालते. गोरक्षनाथापर्यंत गेले. तिथून समोर दत्ताचं शिखर दिसतं, पायऱ्या सरळ खाली जातात आणि मग वर. बसले अर्धा तास. तिथूनच हात जोडले. बहीण पुढे जाऊन आली."

डायरीत खूण केली का, असं मी विचारलं.

"केली."

"आणि काकांना सांगितलंत?"

"त्यांनी विचारलंच नाही," काकू पिशवीची गाठ मारत म्हणाल्या. "डोलीचे पैसे तसेच परत दिले. मोजून घेतले त्यांनी. आणि संध्याकाळी खोलीवर गरम पाणी मागवलं, गुडघे शेकायला."