गरम झाल्यावर आउटबोर्ड एका सिलिंडरवर येतं. कॉइल बदलू का?

तुमच्या प्रश्नावरून मला समजलं ते असं: बोटीच्या मागे लावायचं, पॉइंटवालं (पॉइंट म्हणजे ठिणगीसाठी करंट तोडणारा यांत्रिक स्विच) जुनं दोन सिलिंडरचं टू-स्ट्रोक इंजिन आहे, कार्बोरेटर एकच. गार असताना दोरी ओढली की लगेच लागतं. थोडा वेळ चाललं की मिस मारायला लागतं, एका सिलिंडरवर येतं आणि बंद पडतं. गार झालं की पुन्हा जसंच्या तसं. प्लग नवे टाकलेत, कार्बोरेटर साफ केलाय, आता दोन्ही कॉइल (ठिणगीसाठी व्होल्टेज वाढवणाऱ्या गुंडाळ्या) मागवायच्या बेतात आहात.

थांबा जरा. कॉइलवरचा संशय खरा ठरूही शकतो, पण आतापर्यंतचा सगळा तपास गार इंजिनावर झालाय, आणि गार इंजिनाची तर तुमची तक्रारच नाही. बंद पडल्या पडल्या, गरम असतानाच स्पार्क बघायला हवा. त्यासाठी बोट बाहेर न्यायची गरज नाही. पाण्याने भरलेल्या पिंपात इंजिन गार ठेवणाऱ्या पाण्याच्या पंपाचं तोंड बुडेल असं इंजिन उभं करा आणि चालवा. कोरडं मात्र क्षणभरही चालवू नका, पंपातला रबरी इंपेलर जळतो.

पेट्रोलचा संशय आधी निकालात काढू. टाकीच्या झाकणावरचं हवेचं भोक बंद असेल तरी इंजिन थोडा वेळ चालून मरतं. पण कार्बोरेटर दोघांना एकच, त्यामुळे उपासमार झाली तर दोन्ही सिलिंडर एकदम ढेपाळतात आणि पाइपातला रबरी फुगा दाबला की तात्पुरती जान येते. तुमचा एकच सिलिंडर जातोय, म्हणून माझा कौल इग्निशनला, म्हणजे ठिणगीच्या यंत्रणेला.

स्पार्क बघायची नेहमीची पद्धत म्हणजे प्लग काढून हेडवर टेकवायचा आणि दोरी ओढायची. ही पद्धत फसवते. उघड्या हवेत प्लगच्या बारीक फटीतून उडी मारायला फारसं व्होल्टेज लागत नाही. सिलिंडरमध्ये दाबाखाली तीच उडी कितीतरी जड जाते. मरतुकडी कॉइलसुद्धा हेडवर ठिणगी दाखवते. फट कमीजास्त करता येणारा स्पार्क टेस्टर घ्या आणि पॉइंटवाल्या मॅग्नेटोसाठी (बॅटरीशिवाय ठिणगीची वीज तयार करणारी यंत्रणा) ती सहा मिलिमीटरच्या आसपास ठेवा. दोन्ही प्लग काढा, टेस्टर पक्का अर्थ करा (इंजिनाच्या धातूला जोडा) आणि प्लगच्या भोकांपासून लांब ठेवा, कारण दोरी ओढली की तिथून पेट्रोलचा फवारा येतो. निळी, कडक, चट्ट आवाजाची ठिणगी हवी. पिवळट, रेंगाळणारी ठिणगी नापास.

दोन्ही बाजूंचा स्पार्क जात असेल किंवा मधूनच येत-जात असेल, तर इंजिन बंद करायच्या बटणाची वायर सोडवून पुन्हा बघा. ती दोन्ही कॉइलच्या प्रायमरी (कमी व्होल्टेजच्या गुंडाळ्या) अर्थ करते. कुठे सोलली असेल तर इंजिन आपोआप बंद होतं. (ती सुटी असताना इंजिन चोक ओढून बंद करायचं, हे लक्षात असू द्या.) अशा बऱ्याच जुन्या इंजिनांत थ्रॉटल फिरवला की मॅग्नेटोची अख्खी प्लेट फिरते. प्लेटखालच्या वायरी वर्षानुवर्षं वाकून आतल्या आत तुटतात, वरचं आवरण मात्र शाबूत दिसतं. मल्टिमीटर लावून प्लेट हाताने इकडून तिकडे फिरवा, काटा कुठे दचकतो ते कळेल.

एकाच बाजूचा स्पार्क जात असेल तर मग मॅग्नेट (वरचं चुंबकवालं फ्लायव्हील, पॉइंट आणि कॉइल त्याच्याखाली असतात) काढावा लागणार. पुलर (ओढून काढायचं हत्यार) मॅग्नेटच्या मधल्या आटेवाल्या भोकांतच लावा, कडेला धरून ओढू नका आणि शाफ्टच्या टोकावर हातोडा तर नकोच. मॅग्नेट निघाला की चावी (मॅग्नेटला शाफ्टवर नेमक्या जागी धरणारा धातूचा छोटा तुकडा) अर्धी कापली गेली नाही ना तेही बघून घ्या.

आता जुन्या इंजिनाचा फायदा घ्या. प्रत्येक सिलिंडरला स्वतःचा पॉइंट, स्वतःचा कंडेन्सर (पॉइंट उघडताना त्यावर उडणारी ठिणगी दाबणारा छोटा भाग) आणि स्वतःची कॉइल आहे, म्हणजे तुलनेला दुसरा नग हाताशीच आहे. आधी दोन्ही कंडेन्सर अदलाबदल करा, ते सोपं आहे. इंजिन गरम होऊन दोष दुसऱ्या सिलिंडरवर गेला तर कंडेन्सरच चोर, आणि तो कॉइलपेक्षा कितीतरी स्वस्त. दोष जागेवरच राहिला तर दोन्ही कॉइलची अदलाबदल करून बघा. कॉइलच्या अंगावर भिंग धरा; १९५० च्या दशकातल्या जॉन्सन आणि एव्हिनरूड इंजिनांच्या कॉइलचं आवरण तडकतं हे सगळ्या जुन्या मिस्त्रींना माहीत आहे. गार कॉइलचा रेझिस्टन्स बरोबर आला म्हणून तिला सोडू नका. हेअर ड्रायरने गरम करत सेकंडरी (जास्त व्होल्टेजची गुंडाळी) मोजा. आतली बारीक तार सुटत असेल तर आकडा अचानक अनंतावर जातो.

मॅग्नेट उघडाच आहे तर पॉइंटही करून टाका. बारीक पॉलिश पेपरने घासा. कॅमचा (शाफ्टवरचा पॉइंट उघडणारा भाग) उंचवटा पॉइंटखाली आला की फट मोजा. या जातीच्या बऱ्याच इंजिनांना ती ०.०२० इंच, म्हणजे अर्धा मिलिमीटर असते, तरी तुमच्या मॉडेलचं पुस्तक बघा. स्क्रू आवळताना फट हमखास सरकते, म्हणून आवळल्यावर परत मोजा. आणि एक गोष्ट बहुतेक जण विसरतात: फिलर गेजच्या (फट मोजायच्या साधनाच्या) पात्याला तेल असतं, ते पॉइंटवर लागतं आणि नवा पॉइंटही करंट देत नाही. शेवटी कोऱ्या कागदाची पट्टी पॉइंटमध्ये धरून ओढा, डाग येईनासा होईपर्यंत. पॉइंट पुन्हा पुन्हा तेलकट होत असतील तर क्रँकशाफ्टचं वरचं सील गेलंय.

मॅग्नेट बसवताना शाफ्टचा निमुळता भाग पुसून कोरडा ठेवा, ग्रीस लावू नका, आणि नट पुस्तकात दिलेल्या टॉर्कला आवळा. ढिला राहिला की चावी कापली जाते.

कंडेन्सर, कॉइल दोन्ही बदलून, वायरी आणि पॉइंट बघूनही तोच सिलिंडर मरत असेल तर त्याचा प्लग काढून बघा. तो धुतल्यासारखा स्वच्छ आणि पाण्याने ओला निघाला तर इग्निशनचा नाद सोडा; हेड गॅस्केट गरम झाल्यावर पाणी आत सोडतंय.