छंदाच्या रकान्यात काय लिहू?

अक्का, नमस्कार. वय ३१. अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका छोट्या टॉवेलच्या कंपनीत मी हिशेब बघते. ऑफिस, पॅकिंग, डिस्पॅच धरून आम्ही चौदा जण. मालकांचा मुलगा पुण्यात शिकून आला आणि त्याने जिन्याजवळच्या भिंतीवर सगळ्यांचे फोटो लावायचं काढलं. फोटोखाली नाव, काम आणि छंद. माहिती गोळा करायचं माझ्याकडे आलं. डिस्पॅचचा मुलगा गड्ड्याच्या (सिद्धेश्वरांच्या) यात्रेत नंदीध्वजाची उंच काठी उचलतो, खरेदी बघणारे एक जण रविवारी नान्नजला पक्षी बघायला जातात, क्वालिटीचे सर नाटकात काम करतात, डिझाइनच्या मॅडम वाचतात. पॅकिंगचे मामा म्हणाले, 'काही नाही. रविवारी झोपतो.' सगळे हसले. माझा रकाना शेवटी राहिला आणि घाईत मी 'वाचन' लिहून टाकलं. बारावीनंतर मी एकही पुस्तक पूर्ण वाचलेलं नाही. मॅडमना इतका आनंद झाला की दर पंधरा दिवसांनी त्या हिराचंद नेमचंद वाचनालयातून माझ्यासाठीही एक पुस्तक आणतात. मी दहा पानं वाचते, पुढचं मोबाइलवर शोधते आणि परत देताना 'शेवट आवडला' म्हणते. चार महिने झाले. आता २७ फेब्रुवारीला मराठी भाषा गौरव दिनाचा कार्यक्रम आहे आणि 'माझं आवडतं पुस्तक' यावर पाच मिनिटं बोलायला माझं नाव घातलंय. रजा टाकू का? की एखादं पुस्तक पाठच करू? घरी आई, वडील (यंत्रमागावर होते, आता गुडघ्यांमुळं घरीच) आणि धाकटा भाऊ. पाणी भरणं, सकाळचा स्वयंपाक, वडिलांचा दवाखाना माझ्याकडं. खरं सांगू? भिंतीवरचे बाकीचे रकाने वाचले की वाटतं, आपल्यात काही नाहीच.
— तुमची 'वाचनप्रेमी', सोलापूर

बाई गं वाचनप्रेमी,

तुझी सही वाचून मी इतकी हसले की आतून आमच्या ह्यांनी विचारलं, काय झालं म्हणून. तुला हसले नाही हो. मला माझा स्वेटर आठवला.

१९८४ साली माझं लग्न ठरत होतं. माहितीच्या कागदावर 'मुलीचे छंद' असं लिहून पुढं जागा सोडलेली होती. मामांनी मला न विचारताच तिथं 'विणकाम' लिहिलं. मला सुई धरता यायची, ती पायातला काटा काढण्यापुरती. लग्नाला महिना झाला नाही तोवर सासूबाईंनी लोकरीचे सहा गुंडे माझ्यापुढं ठेवले. सोलापुरात स्वेटर! मे महिन्यात पारा ४३-४४ ला टेकतो आणि थंडी म्हणजे संक्रांतीच्या आगेमागे पंधरा दिवस, तिथं स्वेटर. मी शेजारच्या बाईंकडून गुपचूप विणून घेतला. त्याचं एवढं कौतुक झालं की नणंदेसाठी दुसरा सांगितला. मग दिरासाठी तिसरा. पैसे मी भाजीच्या हिशेबातून काढत होते. त्यामुळं तुझं आठवं पुस्तक कसं वाटत असेल ते मला नीट कळतं.

आठवं म्हणाले, कारण मी हिशेब केला. पंधरा दिवसाला एक, चार महिने. म्हणजे 'शेवट आवडला' हे तू मॅडमना आठेक वेळा तरी ऐकवलंस. अगं, वाचणारी बाई आहे ती. आठही पुस्तकांचा फक्त शेवटच आवडणारी वाचक तिनं आजवर बघितली नसणार. तिला शंका आली नसेल असं मला तरी वाटत नाही. आली असूनही ती पुस्तकं आणतेय, म्हणजे तिला वाचकापेक्षा बोलायला माणूस हवं असणार. चौदा जणांच्या ऑफिसात एकटीनं वाचणं सोपं नसतं. दुपारी डबे उघडले की क्रिकेट, जागेचे भाव आणि कुणाचं लग्न कुठं जमलं, एवढ्यावरच सगळं चालतं. त्यात तुझ्या रकान्यात 'वाचन' दिसलं, तेव्हा तिला काय वाटलं असेल बघ.

म्हणून पाठांतर नको आणि रजाही नको. आधी मॅडमना सांग. २७ तारखेच्या चांगलं आठवडाभर आधी, आणि एकटीला गाठून. जेवणाच्या सुट्टीत नको, तिथं कुणी कडक भाकरी मोडली तरी पलीकडच्या टेबलावर ऐकू जातं. संध्याकाळी रिक्षाच्या स्टॉपपर्यंत बरोबर चाल आणि एवढंच म्हण: 'मॅडम, मी वाचत नाही. रकाना रिकामा दिसू नये म्हणून लिहिलं. तुम्ही इतक्या मायेनं पुस्तकं आणायला लागलात, मग सांगायचं धाडस झालं नाही. चुकलं माझं.' इथं थांब. पुढं 'घरी फार काम असतं हो' हे जोडू नकोस. ते खरं आहे, पण त्या जागी बोललीस की माफी राहील बाजूला आणि त्यांनाच तुझी समजूत घालावी लागेल. त्या दोन दिवस गप्प राहतील, कदाचित चार. राहू देत. त्यांचा तो हक्क आहे. हातातलं पुस्तक मात्र तेव्हाच परत दे. 'वाचून देते' म्हणून ठेवून घेतलंस तर तोच खेळ पुन्हा सुरू होईल.

मी सासूबाईंना कधीच सांगितलं नाही. त्या गेल्या तेव्हा त्यांच्या ट्रंकेत तो पहिला स्वेटर निघाला, डांबराच्या गोळ्या घालून नीट घडी करून ठेवलेला. जाऊ दे, तो विषय वेगळा.

आता २७ तारीख. मॅडमशी बोलणं झालं की मालकांच्या मुलाला सांग, 'पुस्तकावर मॅडम माझ्यापेक्षा चांगलं बोलतील, मला दुसरा विषय द्या.' सगळ्या ऑफिसापुढं कबुली द्यायची काही गरज नाही. तू पुस्तकं चोरली नाहीस. आणि त्यानं विचारलंच, कुठला विषय, तर माझ्याकडं एक आहे. तुमच्या धंद्यातले शब्द. दिवस भाषेचा आहे ना? मग पुस्तकच कशाला पाहिजे? आपण माग म्हणतो, कन्नड बोलणारा मग्ग म्हणतो, तेलुगू बोलणारा मग्गम. तुमच्या शेडमध्ये हे तिन्ही शब्द एकाच यंत्राला रोज लागत असतील आणि कुणाचं अडत नसेल. पॅकिंगचे मामा घरी तेलुगू बोलत असतील तर त्यांना विचार, सुताला ते काय म्हणतात. 'नूलु' म्हणतील. वडिलांना विचार, आडवं सूत नेणारा धोटा कसा असायचा, त्याच्यातल्या सुताच्या कांड्या कोण भरायचं, ताणा (उभं सूत) आणि बाणा (आडवं सूत) यात जास्त जपावं लागतं कशाला. टॉवेलला ताणे दोन लागतात, एक ताठ आणि एक सैल, त्या सैल ताण्याचेच फासे वर उठतात आणि पाणी टिपतात. हे तुमच्या बिलिंगच्या टेबलावर बसून आजवर कुणी तुला सांगितलं नसेल, पण वडील दोन मिनिटांत सांगतील. पाच मिनिटं कधी संपली कळणार नाही.

आता तुला वाटेल, अक्का म्हणणार, हाच बघ तुझा छंद, शब्द गोळा करणं! नाही म्हणत. २७ तारखेची अडचण कशी निघेल एवढंच सांगितलं. दुसऱ्या दिवशी ते सगळं विसरलीस तरी माझं काही म्हणणं नाही.

कारण तुझ्या पत्रातलं खरं दुखणं शेवटच्या ओळीत आहे, आणि त्याचा पुस्तकांशी काही संबंध नाही. तुझ्यात काही नाही असं तुला वाटतं, कारण बाकीच्यांचे रकाने भरलेत. ते कशानं भरलेत ते जरा बघू.

डिस्पॅचच्या मुलाचं आधी घे. नंदीध्वज छंदात लिहिला हेच मला खटकलं. सिद्धरामेश्वरांचे सात नंदीध्वज, त्यांचा मान ठरलेला, यात्रेच्या आधी किती दिवस सराव, मग संक्रांतीला पांढरी बाराबंदी घालून उभं राहायचं. त्याला विचारलंस तर तो 'सेवा' म्हणेल. रकान्यावर 'छंद' छापलं होतं म्हणून बिचाऱ्यानं तिथं लिहिलं. म्हणजे कागद भरताना तू एकटीच अडली नव्हतीस.

आता नान्नजवाले. मला असली माणसं आवडतात. १९७९ पासून तिथं माळढोकाचं अभयारण्य आहे, पण माळढोक दिसणं आता नशिबाचा भाग. तरी हे पहाटे पाचला उठून जातात, काळवीट बघतात, थंडीत आलेले भोवत्या नावाचे शिकारी पक्षी बघतात आणि खूश होऊन परत येतात. छान आहे. मी फक्त एक विचारते: त्या पहाटे त्यांचा चहाचा थर्मास कोण भरतं? आणि ते गवतात दुर्बीण लावून बसलेले असताना इकडं नळाला पाणी आलं, तर उठून मोटर कोण लावतं?

सोलापूरच्या बाईला हे फोड करून सांगायला नको. आपल्याकडं पाणी रोज येत नाही. काही दिवसांआड येतं आणि येतं तेव्हा तुझी वेळ विचारून येत नाही. पहाटे आलं तर पहाटे, रात्री अकराला आलं तर अकराला. टाकी, पिंप, हंडे, शेवटी बादल्या. ज्या घरात हे एकाच माणसाच्या गळ्यात असतं, त्या माणसाला 'रविवारी सकाळी मी अमुक करते' असं म्हणताच येत नाही, कारण रविवार सकाळ त्याची नसतेच. वर तुझं काम हिशेबाचं. ११ तारखेला जीएसटीचं एक विवरण, २० तारखेला दुसरं, मध्ये ट्रक उभा असला की ई-वे बिल. महिन्याचे मोकळे दिवस राहिले किती?

म्हणजे छंद नाही हा तुझ्या स्वभावातला दोष नाही, वेळेचा प्रश्न आहे. हे तुला बरं वाटावं म्हणून लिहीत नाही. माझा थोडा रागच आहे यात. तुझा धाकटा भाऊ रविवारी सकाळी काय करतो, हे तू पत्रात लिहिलंच नाहीस. पाणी, स्वयंपाक, दवाखाना सगळं लिहिलंस आणि भावाच्या पुढं काहीच नाही. मी अंदाज करते: पार्क मैदानावर किंवा कुठल्या तरी मोकळ्या जागेवर बॅट घेऊन असेल. चूक असेल तर मला कळव, पुढच्या अंकात माफी मागेन. पण त्याच्या कंपनीनं उद्या असा कागद दिला, तर तो 'क्रिकेट' लिहून पाच सेकंदांत मोकळा होईल. आणि त्याच्यात काही नाही असं त्याला कधी वाटणार नाही.

तेव्हा छंद शोधायला जाऊ नकोस. गिटारचा क्लास, केक शिकणं, यातलं काही आत्ता नको. आधी महिन्यातला एक रविवार मागून घे. सकाळी सात ते दुपारी एक. कशाला हवाय, हे घरी सांगू नकोस, कारण कारण सांगितलं की त्याच्यावर घासाघीस सुरू होते: 'एवढ्याशासाठी? मग पुढच्या रविवारी कर की.' फक्त म्हण, मी नसेन. पहिल्या रविवारी काय करावं ते सुचणारही नाही. सिद्धेश्वर तळ्याच्या काठावर बसून शेंगा खाल्ल्यास तरी चालेल. वाटलं तर नान्नजवाल्यांच्या घरच्यांसोबत जाऊन बघ, नाही आवडलं तर परत ये. झोपलीस तरी माझी हरकत नाही.

झोपेवरून मामा आठवले. पॅकिंगला दिवसभर उभं राहून टॉवेलच्या घड्या घालणाऱ्या माणसानं 'रविवारी झोपतो' म्हटलं आणि सगळे हसले. तूही हसलीस का? हसली असशील, मीही हसले असते. पण त्या भिंतीवर सगळ्यात खरं वाक्य मला तेच वाटतं. मालकांचा मुलगा 'हे बरं दिसत नाही, दुसरं काहीतरी लिहा' म्हणाला, तर बदलू देऊ नकोस. कागद तुझ्या हातात आहेत.

त्या मुलावर मात्र चिडू नकोस. हौशी दिसतोय, त्यानं वाईट काही केलेलं नाही. त्याला एक सुचव: पुढच्या वेळी फोटोखाली 'छंद' छापू नका, 'रविवारी काय करता?' असं विचारा. नंदीध्वजवाला वेगळं सांगेल, नाटकवाले सर तालमीचं सांगतील, मामांना तेच वाक्य पुन्हा लिहिता येईल, आणि तुला खोटं बोलावं लागणार नाही. 'पाणी आलं तर पाणी भरते' एवढं लिही आणि लाव भिंतीवर. मालकही वाचतील, वाचू देत.

मॅडम काय म्हणाल्या ते मला नक्की कळव. आणि तो पहिला रविवार ठरला की आदल्या रात्री भावाला मोटरचं बटण कुठं आहे ते दाखवून ठेव. वॉल्व्ह कुठल्या बाजूला फिरवायचा तेही. माहीत नसेल त्याला.

— अक्का