वाचकांचे प्रश्न : बर्गंडीच्या द्राक्षमळ्यांत एक दिवस

प्रश्न : आम्ही पती-पत्नी जूनच्या अखेरीस मुलीकडे पॅरिसला जाणार आहोत. निफाड तालुक्यात आमची द्राक्षबाग आहे आणि खरड छाटणीनंतरची कामे आटोपल्यावर तेवढेच दिवस मोकळे सापडतात. एक दिवस फ्रान्समधील वाइनचा प्रदेश आणि तिथली जुनी गावे पाहण्याची इच्छा आहे. आम्ही दोघेही मद्य घेत नाही. सहल कंपन्या दिवसभरात पाच-सहा गावे दाखवतात. त्यांच्याबरोबर जावे की स्वतंत्रपणे?
— एक द्राक्ष बागायतदार, निफाड

उत्तर : आपण स्वतंत्रपणेच जावे आणि पाच-सहा गावांऐवजी बर्गंडी या वाइनच्या प्रदेशातील दिजाँ, बोन आणि त्यांच्या मधला एक मळा एवढेच ठरवावे, असे माझे स्पष्ट मत आहे. अर्धा तास फिरायचे, एखाद्या तळघरात चार पेले चाखायचे आणि पुन्हा बसमध्ये चढायचे, असा त्या सहलींचा क्रम असतो. मद्य न घेणाऱ्याला त्यात फारसे काही मिळत नाही, आणि ज्याच्या हाताला छाटणीच्या कात्रीची सवय आहे त्याला जे पाहायचे असते, ते नेमके खिडकीबाहेर राहून जाते.

पॅरिसच्या गार द लियाँ स्थानकावरून जलद रेल्वे दिजाँला सुमारे १ तास ३५ मिनिटांत पोहोचते आणि तिथून बोन प्रादेशिक गाडीने वीस-पंचवीस मिनिटांवर आहे. मधल्या गावांतून बसही जाते, मात्र फेऱ्या मोजक्या असल्याने वेळापत्रक आधी पाहून ठेवावे आणि रविवार टाळावा. दिजाँला दोन तास पुरेत. तिथे बर्गंडीवर राज्य करणाऱ्या ड्यूकांच्या राजवाड्यातील संग्रहालयात, त्यांपैकीच एक असलेल्या फिलिप द बोल्ड याच्या समाधीभोवती कोरलेल्या, हातभर उंचीच्या शोकाकुल मूर्ती आवर्जून पाहाव्यात.

त्यानंतर वुजो गावी उतरावे. तिथला ‘क्लो द वुजो’ हा दगडी कुंपणाने वेढलेला सुमारे ५० हेक्टरांचा, म्हणजे सव्वाशे एकरांचा मळा बाराव्या शतकापासून सितो या ख्रिस्ती मठाच्या साधूंनी उभा केला. फ्रेंच राज्यक्रांतीत मठाची मालमत्ता जप्त झाली, पुढे विक्री आणि वाटण्या होत गेल्या आणि आज त्या एकाच कुंपणात सुमारे ऐंशी मालक आहेत. साधूंची द्राक्षरस काढण्याची प्रचंड लाकडी दाबयंत्रे आतल्या वाड्यात अजून उभी आहेत. पण आपण आधी कुंपणाच्या कडेने चढावर चालत जावे. उताराच्या मधल्या भागातील चुनखडीच्या जमिनीतून पाण्याचा निचरा चांगला होतो, तर खाली रस्त्यालगतची माती जड आणि ओलसर आहे. मळ्याचा अधिकृत दर्जा एकच असला, तरी या फरकामुळे वरच्या आणि खालच्या तुकड्यांतील वाइनमध्ये जाणकार भेद करतात. आपल्याला तो भेद मातीकडे पाहूनच कळेल.

झाडे पाहून मात्र आपण थबकाल. आपल्याकडे नऊ बाय पाच फुटांवर एकरी साधारण ९७० झाडे बसतात, तर तिथे ओळी आणि झाडे जवळपास एकेक मीटरवर असल्याने एकरी चार हजार होतात. मांडव नाही, वेलींना ‘Y’ आकाराचा आधार देणारी वाय पद्धत नाही. कमरेएवढ्या झाडाची एक लांब काडी खालच्या तारेला बांधतात आणि शेजारी दोन डोळ्यांचा (अंकुरांचा) आखूड भाग पुढच्या वर्षासाठी राखतात. हिवाळ्यात झाड झोपी जात असल्याने छाटणी आपल्यासारखी दोनदा नव्हे, वर्षातून एकदाच होते. ठिबक कुठेही दिसणार नाही, कारण सगळी भिस्त पावसावर आहे. जूनअखेर मणी नुकतेच धरलेले असतात आणि ओळींच्या डोक्यावरून जाणारे उंच ट्रॅक्टर शेंडे खुडताना दिसतात. कलम मात्र तिथेही अमेरिकी खुंटावरच, म्हणजे अमेरिकी द्राक्षाच्या मुळांवरच असते, कारण एकोणिसाव्या शतकात फिलॉक्सेरा या मुळांवरच्या किडीने त्यांच्या बागा उद्ध्वस्त केल्या होत्या आणि ती कीड अमेरिकी मुळे सोसतात. मुलीकडून आधी ईमेल पाठवून एखाद्या उत्पादकाला आपण बागायतदार असल्याचे कळवावे आणि तळघराऐवजी मळा दाखवण्याची विनंती करावी. परवानगीशिवाय ओळींत पाऊल टाकू नये.

दुपार बोनसाठी, त्यातही ‘ऑतेल-दिय’ या जुन्या रुग्णालयासाठी राखावी. बर्गंडीच्या तत्कालीन ड्यूकचा मुख्य मंत्री निकोला रोलँ आणि त्याची पत्नी गिगोन द सालँ यांनी १४४३ मध्ये गरिबांसाठी ते स्थापन केले आणि १९७१ पर्यंत त्या इमारतीत रुग्णसेवा चालू होती. अंगणातून दिसणारे रंगीत कौलांचे छप्पर सर्वांना ठाऊक असते. मला मात्र लाल पडद्यांच्या खाटांची लांबच लांब रांग अधिक महत्त्वाची वाटते. शतकानुशतके लोकांनी या रुग्णालयाला द्राक्षमळे दान केले. सुमारे ६० हेक्टरांच्या त्या मळ्यांतील वाइनचा १८५९ पासून लिलाव होतो, आता दर नोव्हेंबरच्या तिसऱ्या रविवारी, आणि त्याचे उत्पन्न आजही रुग्णसेवेला जाते. द्राक्षाच्या पिकावर एवढा काळ तगलेले रुग्णालय एका बागायतदाराने पाहिलेच पाहिजे, असे मला मनापासून वाटते.

बोनमध्ये मोहरीची जुनी गिरणीही आहे आणि ती पाहण्यासाठी आगाऊ नोंदणी करावी. जूनअखेर रात्री साडेनऊपर्यंत उजेड असतो, त्यामुळे परतीचे तिकीट संध्याकाळच्या गाडीचे काढावे. मात्र दिजाँला गाडी बदलण्यासाठी हाताशी अर्धा तास राहील, असे पाहावे.