नाटकातल्या पिस्तुलाचा चाप

नाशिकच्या कालिदास कलामंदिरात मागच्या रांगेतल्याला चाप हललेला दिसणार नाही, पण नटाच्या बोटाला तो जाणवला पाहिजे. म्हणून ही खटपट कर. चापामागे बॉलपेनची स्प्रिंग चालेल. ताठ वाटली तर एखाददुसरं वेटोळं काप. खरी गोम चाप ज्यावर फिरतो त्या पिनेत आहे. ३ मिमीच्या पिनेसाठी चापात ३.२ चं भोक पाड, दोन्ही बाजूंना पातळ वॉशर घाल. भोक घट्ट झालं तर चाप अडकतो, सैल झालं तर खुळखुळतो. चाप थांबवायला मागे-पुढे अडणी हवीच, नाहीतर सगळा जोर स्प्रिंगवर येतो. रंग शेवटी, पिनेपाशी तर नकोच. पिस्तुलाची नळी भरीव ठेव. आणि हो, शालिमार चौकातून नेताना पिशवीत बंद करून ने रे बाबा, हातात मिरवू नकोस.