खिंड बंद व्हायच्या आत : हिमालयातल्या मुलांना मदत करू पाहणाऱ्यांची प्रश्नोत्तरे

दर वर्षी लडाख-स्पितीच्या सहली आटोपून मंडळी घरी पोचली की माझ्याकडे पत्रं सुरू होतात. तिथली मुलं पाहिली, जीव लागला, त्यांच्या शाळेसाठी, औषधपाण्यासाठी काहीतरी करायचं आहे. ही तळमळ खरी असते. पण तिच्यासोबत तेच ते गैरसमजही दर वर्षी येतात. मी बालरोगतज्ज्ञ आहे आणि तपासणी शिबिरांच्या निमित्ताने लडाखमधल्या झंस्कार खोऱ्यात आणि लेहच्या आसपासच्या गावांत अनेकदा राहिले आहे. त्या अनुभवावर, वारंवार विचारले गेलेले काही प्रश्न इथे एकत्र घेते.

प्रश्न : झंस्कारमधली एक मुलगी शिक्षणासाठी दत्तक घ्यायची आहे. तिला आई-वडील आहेत. कोणती कागदपत्रं लागतील? (डोंबिवली)

उत्तर : तिला आई-वडील आहेत, त्यामुळे दत्तक हा शब्द सोडून द्या. दत्तकविधान कायद्याने, सहसा 'कारा' या केंद्रीय दत्तक प्राधिकरणामार्फत होतं. तुम्हाला फक्त शिक्षणाचा खर्च उचलायचा आहे. त्यासाठी पालकांची लेखी संमती आणि शाळेचं पत्र पुरतं, आणि दोन्ही मुख्याध्यापकांशी बोलून मिळवा.

प्रश्न : 'रोजच्या एका चहाच्या पैशात हिमालयातलं एक मूल शिकेल' अशी जाहिरात पाहिली. खरंच इतक्यात भागतं का? (पुणे)

उत्तर : सहा ते चौदा वयाच्या मुलांना सरकारी शाळेत 2009च्या कायद्याने शिक्षण मोफतच आहे. मग चहाचे पैसे नक्की कशाला लागतात, हे त्या जाहिरातवाल्यांना विचारा. डोंगरात खर्च फीचा कमी आणि इतर गोष्टींचा जास्त. वसतिगृहातलं जेवण, थंडीतलं सरपण किंवा रॉकेल, गरम कपडे, बूट, सुट्टीत गावी जायचं गाडीभाडं. हा खर्च बाबवार लेखी मागा. संस्थेचा नोंदणी क्रमांक आणि मागच्या तीन वर्षांचे लेखापरीक्षित हिशेब मागा. हिशेबाऐवजी हसऱ्या मुलाचा फोटो आणि राखी येत असेल तर पैसे देऊ नका. सहलीच्या पॅकेजात 'शाळाभेट' बसवणाऱ्यांपासूनही लांब राहा. चालू वर्गात पंधरा अनोळखी माणसं कॅमेरे घेऊन शिरतात, हे आपल्या मुलांच्या शाळेत आपण चालवून घेऊ का?

प्रश्न : मी न्यू जर्सीत राहतो. इथून थेट पैसे पाठवले तर चालतील? आणि भारतातल्या भावाला कराची सवलत मिळेल का? (ईमेलवरून)

उत्तर : तुमचा पासपोर्ट कोणता, यावर ते ठरतं. भारतीय नागरिकाने परदेशातल्या स्वतःच्या बचतीतून दिलेली देणगी परदेशी देणगी धरली जात नाही. अमेरिकी नागरिकत्व घेतलं असेल तर ओसीआय (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकाचं) कार्ड असूनही ती परदेशी देणगीच ठरते. मग त्या संस्थेकडे एफसीआरए, म्हणजे परदेशी देणगी कायद्याखालची, नोंदणी हवी आणि पैसे दिल्लीतल्या स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतल्या तिच्या खात्यावरच जायला हवेत. 'माझ्या पुतण्याच्या खात्यात टाका, तो पोचवेल' असं कोणी म्हणालं तर नाही म्हणा. भावाला करसवलतीची (80-जी) नोंदणी असलेल्या संस्थेच्या पावतीवर सवलत मिळेल, पण नव्या करप्रणालीत ती नाही. दोन हजारांवरच्या रोख देणगीवर नाही आणि वस्तूरूपाने दिलेल्या मदतीवरही नाही. पैसे पाठवण्याआधी दोघांनीही आपापल्या सीएंना विचारा.

प्रश्न : घरात उरलेली औषधं, सिरप, टॉनिकं शिबिरात पाठवू का? (सोलापूर)

उत्तर : नको.

प्रश्न : लडाखमधल्या एका गावात सात वर्षांचा हुशार मुलगा भेटला. तिथली शाळा बेताची आहे. पालक तयार आहेत, गावातलाच एक ओळखीचा माणूस त्याला आणून सोडायलाही तयार आहे. आम्ही दोघं निवृत्त, घर मोठं आहे. त्याला नाशिकला आणून चांगल्या इंग्रजी शाळेत घालावं असं वाटतं. काय काय तयारी करावी? (नाशिक)

उत्तर : तुमच्या मनात काडीचीही खोट नाही, हे पत्रावरून कळतं. तरीही हात जोडून सांगते, त्याला आणू नका.

काही वर्षांपूर्वी मैदानी भागातल्या एका वसतिगृहात मुलांची तपासणी करत होते. झंस्कारचा नऊ वर्षांचा एक मुलगा तीन वर्षं तिथे होता. त्या दिवशी त्याची आई पहिल्यांदाच भेटायला आली होती. ओढणीच्या गाठोड्यात तिने छुर्पे, म्हणजे वाळवलेलं चीज, आणलं होतं. ती लडाखीत बोलत होती आणि तो हिंदीत उत्तरं देत होता. तिला हिंदी येत नव्हती, आणि त्याची लडाखी पुसून गेली होती. शेवटी लेहकडची एक मोठी मुलगी दोघांच्या मध्ये बसली आणि आईचं लेकाला, लेकाचं आईला सांगत राहिली. मुलगा अंगाने धडधाकट होता, गणितात वर्गात पुढे होता. त्याच्या कागदावर मी 'प्रकृती उत्तम' असं लिहिलं. तो शेरा आजही मला टोचतो.

आता त्या 'ओळखीच्या माणसा'बद्दल. नेपाळच्या वायव्येला हुम्ला नावाचा दुर्गम जिल्हा आहे. 1996 ते 2006 या यादवीच्या काळात असेच ओळखीचे लोक तिथल्या गावांत फिरले. काठमांडूच्या चांगल्या शाळेत घालतो म्हणून त्यांनी आईबापांकडून पैसे घेतले, मुलं नेली, त्यातल्या अनेकांना खोट्या कागदपत्रांवर अनाथ ठरवलं आणि परदेशी देणगीदारांपुढे उभं केलं. आईबाप जिवंत असलेली मुलं अनाथालयांत वाढली. 2015च्या भूकंपानंतर हेच पुन्हा होईल या धास्तीने नेपाळ सरकारने पालक किंवा कागदपत्रं सोबत नसताना मुलांना जिल्ह्याबाहेर न्यायला बंदी केली. देणगीदार बहुतेक सज्जनच होते. चांगल्या मनाने दिलेल्या पैशावरच तो धंदा चालला. तुमचा माणूस तसा असेल असं मी म्हणत नाही, पण मूल पोचवण्याचे पैसे कोणी घेतो आहे का, एवढं तरी विचारा. उत्तर गुळमुळीत आलं तर 1098 ही मुलांसाठीची हेल्पलाइन आहे.

वैद्यकीय बाजू तर कोणी सांगतच नाही. साडेतीन हजार मीटरवर वाढलेलं मूल महिनोन्महिने खाली राहिलं आणि मग सुट्टीत विमानाने तासाभरात लेहला उतरलं, तर त्याच्या फुफ्फुसात पाणी भरण्याचा धोका असतो. 'तो तिथलाच आहे, त्याला काय होणार' असं म्हणून घरचे पहिली रात्र काढतात. खोकला, धाप, ओठ निळसर अशी लक्षणं दिसेपर्यंत उशीर झालेला असतो. उंचीवर जन्मलेल्या मुलांनाही हे होतं. म्हणून आधीच खाली शिकायला आलेल्या मुलांनी घरी जाण्यापूर्वी डॉक्टरांना विचारावं, पोचल्यावर पहिले दोन-तीन दिवस धावपळ टाळावी.

धरमशालेला तिबेटी मुलांची वसतिगृहं आहेत, ती चालतात ना, असा मुद्दा नेहमी येतो. चालतात, आणि चांगली चालतात. पण 1960 साली तिबेटी चिल्ड्रन्स व्हिलेजची सुरुवात झाली ती रस्त्याच्या कामावर राबणाऱ्या निर्वासितांच्या आजारी, कुपोषित मुलांपासून. पहिल्या तुकडीत एक्कावन्न मुलं होती. त्यांना परतायला गाव उरलं नव्हतं. तुमच्या मुलाला गाव आहे, आई आहे, शेत आहे.

शाळा बेताची आहे, हे मान्य. मग शाळा सुधारा. लडाखमध्ये दहावीला शंभरातली पंचाण्णव मुलं नापास होण्याचे दिवस होते. 1988 साली स्थापन झालेल्या सेकमोल संस्थेने 1994 पासून सरकार आणि गावं यांच्या साथीने शिक्षकांचं प्रशिक्षण, गावोगावच्या शिक्षण समित्या आणि तिथल्या मुलांना कळतील अशी पुस्तकं हे काम हाती घेतलं. निकाल हळूहळू सुधारत गेला. तुमच्या मनातली रक्कम गावच्या शाळेत एका जादा शिक्षिकेच्या मानधनाला, हिवाळी वर्गाला किंवा वर्गातल्या बुखारीच्या (शेगडीच्या) सरपणाला लागू शकते. त्याचा फायदा त्या मुलासोबत वर्गातल्या सगळ्यांना होईल. पुढे आठवी-दहावीला वसतिगृह लागलंच, तर पदुम, कारगिल किंवा लेहचं बघा, जिथून तो सुट्टीत घरी जाईल आणि घरची भाषा कानावर पडत राहील. आणि यातलं काहीही ठरवण्याआधी गावची शिक्षण समिती आणि जिल्ह्याची बालकल्याण समिती, दोघांशी बोला.

प्रश्न : ट्रेकला नेलेल्या ऑक्सिमीटरने गावातल्या मुलांचा ऑक्सिजन मोजला. तीन मुलांचा 88-89 आला. ऑक्सिजन सिलिंडरसाठी निधी गोळा करतोय. (ठाणे)

उत्तर : थांबवा. लेहच्या उंचीवर हवेतला ऑक्सिजन समुद्रसपाटीच्या साधारण दोन तृतीयांश मिळतो. तिथल्या निरोगी मुलांचा आकडाही नव्वदच्या आसपास असतो. शिवाय गारठलेल्या बोटावर यंत्र फसतं. बुखारीपाशी हात शेकवून पुन्हा मोजलं की आकडा वर चढलेला मी कितीदा तरी पाहिला आहे. भरभर श्वास, छाती आत ओढली जाणं, ओठ निळे, दूध तोडणं यातलं काही दिसलं तरच लगेच आरोग्य केंद्रात न्या. हिमोग्लोबिनचं उलटं आहे. उंचीवर ते मुळात जास्त असायला हवं, म्हणून पुण्यात ठीक वाटणारा 12चा आकडा तिथे रक्तक्षय असू शकतो. अहवाल तिथल्या डॉक्टरांनीच वाचावा.

प्रश्न : तीन वर्षांच्या मुलीच्या हृदयाला छिद्र आहे असा व्हॉट्सॲपवर संदेश फिरतोय. पैसे द्यावेत का? तिच्या काकांचं म्हणणं, मोठी झाल्यावर छिद्र आपोआप बुजतं, थांबलेलं बरं. (कोल्हापूर)

उत्तर : संदेशावर पैसे नकोत आणि काकांच्या भरवशावर थांबणंही नको. काही लहान छिद्रं बुजतात. कोणती, ते इकोकार्डिओग्राम पाहून बालहृदयरोगतज्ज्ञ सांगतील. जन्मानंतर ऑक्सिजन वाढला की फुफ्फुसाकडे जाणारी धमनी आणि महाधमनी यांना जोडणारी एक वाहिनी बंद व्हायची असते. उंचीवर ऑक्सिजन कमी, म्हणून ती उघडी राहून गेलेली मुलं तिथे जास्त सापडतात. फुफ्फुसातला दाबही तिथे आधीच जास्त असतो. मोठं छिद्र तसंच ठेवलं तर दाब इतका वाढतो की पुढे ऑपरेशन करताच येत नाही. पाच वर्षांच्या दुसऱ्या एका मुलीच्या घरच्यांना हे सांगायची वेळ आली, तेव्हा तिच्या वडिलांनी विचारलं होतं, 'मागच्या साली आलो असतो तर?'

ऑपरेशनच्या पैशासाठी आधी सरकारी दार ठोठवा. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात 2013 पासून अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी आणि पुढचे उपचार मोफत आहेत, आयुष्मान कार्डावर कुटुंबाला वर्षाला पाच लाखांचं संरक्षण आहे. तुमचे पैसे लागतात ते या कागदांत न बसणाऱ्या खर्चाला. चंदिगड किंवा दिल्लीला आई-वडिलांची खोली, जेवण, भाषा कळणारा सोबती, सहा महिन्यांनी पुन्हा यायचं भाडं. ते रुग्णालयाच्या समाजसेवा विभागामार्फत द्या.

प्रश्न : मुलाशी दर आठवड्याला व्हिडिओ कॉल करता येईल का? (मुंबई)

उत्तर : वर्षातून एक-दोन पत्रं, तीही शाळेमार्फत. फोटो कुठेही टाकू नका.

प्रश्न : संधिवाताच्या तापाने हृदयाची झडप खराब झालेल्या एका मुलाच्या ऑपरेशनला आम्ही मित्रांनी पैसे दिले. आता तो बरा आहे. पुढचं मूल सुचवाल का? (सातारा)

उत्तर : आधी याच मुलाचं सांगा. त्याला पेनिसिलिनचं इंजेक्शन दर एकवीस दिवसांनी मिळतंय का? हा ताप पुन्हा आला की उरलेल्या झडपाही खराब होतात. म्हणून ते इंजेक्शन कित्येक वर्षं, झडपेचं ऑपरेशन झालेल्यांना अनेकदा चाळिशीपर्यंत किंवा आयुष्यभर, चालू ठेवावं लागतं. नेमकं किती, ते त्याचे हृदयरोगतज्ज्ञ ठरवतील. इंजेक्शन स्वस्त आहे. ऑपरेशनला दहा जण पैसे देतात, इंजेक्शनची आठवण ठेवायला कोणीच नसतं. लेहजवळच्या निमूहून झंस्कारमधल्या पदुमला जाणारा रस्ता झाल्यापासून झंस्कारची हिवाळ्यातली कोंडी पूर्वीइतकी राहिली नाही. तरी जोराचा बर्फ पडला की आडगावाहून उपकेंद्रापर्यंतची वाट आठवडा-आठवडा बंद राहते. त्यातच एखादी तारीख चुकते. ऑक्टोबरपर्यंत त्याच्या उपकेंद्रातल्या नर्सशी बोला. हिवाळ्याचा साठा आला का, तो कोण टोचणार, बर्फ पडला तर मुलाला कोणाच्या घरी ठेवणार, हे तिला विचारा आणि तारखा तुमच्या भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहा. दुसऱ्या मुलाचं मार्चमध्ये बोलू.