१९५२ च्या हडसन हॉर्नेट रेसकारचं मॉडेल बनवतोय, त्याला गंज कसा चढवू?

गंज चढवू नका. अजिबात.

प्रश्नाच्या तपशिलात तुम्ही लिहिलंय की अमेरिकेतल्या मावसभावाने मोबियस कंपनीची १/२५ स्केलची किट पाठवली आहे, गाडी ९२ नंबरची करायची आहे, आणि मातीच्या ट्रॅकवरची इतकी जुनी गाडी म्हणजे पत्रा खाल्लेली दिसायला हवी. म्हणून व्हिडिओत दाखवतात ती खड्या मिठाची ट्रिक विचारताय, म्हणजे गंजाच्या रंगावर मीठ चिकटवून वरून रंग मारायचा आणि मग मीठ खरवडून पोपडे पाडायचे. मीसुद्धा पहिल्या हॉर्नेटला हेच केलं होतं. दारांच्या खाली गंज, मडगार्डवर गंज, बॉनेटवर गंज, रंगाचे पोपडे. मी चिपळूणचा. शेजारचा गॅरेजवाला ती हातात घेऊन उलटीसुलटी करत म्हणाला, "ही काय आपल्या एकवीसच्या पुरातून काढली काय?" मग त्याने मला बसवून सांगितलं की पत्रा वरून सडत नाही, दाराच्या तळातून आणि चाकाच्या कमानीच्या आतल्या काठावरून सडतो, आणि त्याला वर्षं लागतात.

९२ नंबरची गाडी हर्ब थॉमस या रेस ड्रायव्हरची. १९५२ साली ती जवळजवळ कोरी होती. आपण तिचे फोटो काळेपांढरे बघतो म्हणून ती म्हातारी वाटते, एवढंच. अमेरिकेत अशा शर्यती भरवणाऱ्या नॅसकार या संस्थेने १९ जून १९४९ रोजी शार्लटच्या पाऊण मैलाच्या मातीच्या ट्रॅकवर आपल्या मुख्य मालिकेची पहिली शर्यत घेतली, तेव्हा नियमच असा होता की गाडी शोरूममधून निघते तशीच हवी, आणि नव्या मॉडेलची हवी. त्या दिवशी पहिला आलेला ग्लेन डनावे बाद झाला, कारण त्याच्या फोर्डच्या मागच्या स्प्रिंगांत फेरफार निघाला. ती गाडी चोरट्या दारूच्या वाहतुकीतली. डिकीत माल भरला तरी मागचा भाग खाली बसू नये म्हणून केलेली ती सोय होती. मग दुसऱ्या आलेल्या जिम रोपरच्या लिंकनला विजेता ठरवलं. त्याच शर्यतीत ली पेटी दुसऱ्याकडून मागून आणलेली ब्युइक घेऊन उतरला आणि ती उलटवून बसला. घरी जाताना काय सांगितलं असेल कोण जाणे. सांगायचा मुद्दा असा की या गाड्या सकाळी रस्त्यावरून चालवत आणायच्या, दिव्यांवर टेप चिकटवायचा, नंबर रंगवायचा आणि शर्यतीला उभ्या करायच्या.

गंजाची हौस असेल तर ती दुसऱ्या जातीच्या गाड्यांवर भागवा. तिशीतल्या फोर्ड-शेव्हरोलेच्या दोन दारांच्या कूप, मडगार्ड काढून टाकलेल्या, भंगाराच्या भावाने घेऊन पन्नाशीत मोडेपर्यंत पळवलेल्या. एएमटी कंपनीची १९४० च्या फोर्ड कूपची किट त्यासाठी छान आहे. तिला खुशाल मीठ लावा.

हॉर्नेटला मळ हवा. त्यासाठी रंगाला हात लावण्याआधी एक गोष्ट ठरवा: तुमची गाडी कुठल्या ट्रॅकवरची आणि शर्यतीच्या कुठल्या घडीची? डार्लिंग्टन म्हणालात, तर तो १९५० साली उघडलेला सव्वा मैलाचा डांबरी ट्रॅक. थॉमसने १९५१ ची तिथली शर्यत हडसननेच जिंकली. तिथे चिखल दाखवलात तर जाणकार हसेल. चिखल हवा असेल तर नॉर्थ कॅरोलायनातलं हिल्सबरो घ्या, तिथला ऑकोनीची ट्रॅक. मैलाला थोडा कमी, ०.९ मैलाचा, निव्वळ मातीचा. १९६८ नंतर तो बंद पडला. आज तिथे झाडी माजली आहे आणि लोक जुन्या ट्रॅकवरून फिरायला जातात. त्या झाडीतले फोटो बघून तुम्हाला पुन्हा गंजाचा मोह होईल, तो आवरा.

घड्याळ का महत्त्वाचं, तर माती दिवसभरात बदलते. शर्यतीआधी ट्रॅकवर टँकरने पाणी मारतात. पहिल्या फेऱ्यांत ती ओली चिकणमाती गोळे होऊन उडते आणि जिथे बसते तिथे गडद, जाड बसते. ऊन आणि टायर मिळून ती वाळवतात. मग उरते ती धूळ, पिठासारखी बारीक, फिकट, सगळीकडे शिरणारी. म्हणजे शर्यत संपल्यावर उभी असलेली गाडी करायची तर आधी गडद गोळे, त्यावर फिकट धुळीचा थर. बहुतेक जण उलटं करतात. आधी सगळीकडे धूळ फुंकतात आणि शेवटी हौस म्हणून चिखलाचे गोळे चिकटवतात. मग गाडी दोनदा रंगवल्यासारखी दिसते आणि का ते कळत नाही.

आता मातीचा रंग. कॅरोलायना आणि जॉर्जियातली ती माती लोहाच्या ऑक्साइडमुळे लाल, अगदी आपल्या कोकणातल्यासारखी. म्हणून मी आधी अंगणातली मातीच घेतली. तिने माझं मॉडेल वाया घालवलं. हिशेब साधा आहे: अर्ध्या मिलिमीटरचा कण १/२५ स्केलमध्ये साडेबारा मिलिमीटरचा होतो. म्हणजे मी गाडीवर धूळ नाही, खडी टाकली होती. मलमलच्या फडक्यातून दोनदा गाळूनही ती जाडच राहिली. शेवटी उत्तर सापडलं तुळशीवृंदावन रंगवायच्या डब्यात. गेरू. तो आधीच इतका बारीक असतो की बोटांच्या रेषांत शिरतो. नुसता गेरू मात्र फार लालभडक, कुंडी रंगवल्यासारखा दिसतो. माझं प्रमाण असं: गेरू दोन भाग, पिवडी एक भाग, पांढऱ्या खडूची वस्त्रगाळ पूड अर्धा भाग. खडू आवश्यक आहे, कारण छोट्या वस्तूवर कुठलाही रंग मूळ वस्तूपेक्षा गडद भासतो, तो थोडा फिका करावाच लागतो. तिन्ही मिळून शंभर रुपयांच्या आत येतं आणि दहा गाड्यांना पुरतं. बाहेरून मागवलेली पिगमेंटची इवलीशी बाटली किती महाग पडते ते तुम्ही एव्हाना पाहिलंच असेल.

गोळ्यांसाठी याच मिश्रणात चिमूटभर प्लॅस्टर आणि पाण्यात पातळ केलेला फेविकॉल घालून श्रीखंडासारखं दाट करा. जुन्या टूथब्रशवर घेऊन अंगठ्याने केस मागे ओढून सोडा, आपोआप उडतं. ब्रशने ठिपके देत बसू नका, माणसाच्या हाताला अनियमित ठिपके देताच येत नाहीत, ते रांगोळीसारखे सारख्या अंतरावर पडतात. धुळीसाठी कोरडी पूड मऊ ब्रशने लावायची आणि टर्पेंटाईनचा थेंब शेजारी टेकवायचा, तो स्वतःच पसरत जातो आणि सुकल्यावर पूड धरून ठेवतो. थोडीफार सुटते, ती सुटू द्या.

कुठे लावायचं हे शिकायला इंटरनेट नको. जूनच्या पहिल्या आठवड्यात एसटी स्टँडवर जा आणि लाल परीभोवती एक चक्कर मारा. चाकाच्या मागे पंख्यासारखा उडालेला चिखल, वर जाताना विरळ होत गेलेला. वायपरचे दोन अर्धवर्तुळाकार स्वच्छ तुकडे. दाराची मूठ आणि तिच्याभोवतीची हातभर जागा, जिथे सतत हात लागल्याने चिखल टिकतच नाही. डिझेलच्या टाकीखाली ओघळ. हे सगळं हॉर्नेटवर जसंच्या तसं येतं. फक्त एसटी सरळ जाते आणि ही गाडी कायम डावीकडे वळत असते. वळणात ती मागून बाहेर घसरते, नाक आत, शेपूट बाहेर. त्यामुळे पुढच्या गाड्यांचा उडालेला चिखल नाकावर आणि उजव्या बाजूच्या पुढच्या भागावर जास्त बसतो. बाहेरचा कठडाही उजवीकडेच, म्हणून खरचटे उजव्या दारावर आणि मागच्या मडगार्डवर, आडवे, लांब. डावी बाजू त्या मानाने स्वच्छ. दोन्ही बाजू सारख्या मळवल्या की गाडी शर्यतीतून नाही, शेतातून आल्यासारखी दिसते.

उजव्या पुढच्या टायरवर सगळ्यात जास्त भार. किटमधल्या टायरची बाहेरची कड चारशे नंबरच्या पॉलिशपेपरने घासून नक्षी कमी करा, फक्त त्या एका टायरची. बाकी तिघांना किंचित. हा टायर किती झिजलाय हे चालवता चालवता बघता यावं म्हणून काही ड्रायव्हर गाडीच्या तळाला भोक पाडून त्यावर झडप बसवत, साखळी ओढली की झडप वर. यावरून एक किस्सा सांगितल्याशिवाय राहवत नाही. टिम फ्लॉक नावाचा ड्रायव्हर १९५३ साली हडसन हॉर्नेटमध्ये शेजारच्या सीटवर माकड बसवून शर्यती करायचा. जॉको फ्लॉको त्याचं नाव, जात ऱ्हीसस, म्हणजे आपल्याकडचंच लाल तोंडाचं. त्याला मापाचा ड्रायव्हरचा पोशाख होता. मे महिन्यात हिकरीची शर्यत दोघांनी जिंकलीसुद्धा. पुढे रॉलीला जॉको पट्ट्यातून सुटला, साखळी ओढून भोकातून डोकावला आणि उडालेला खडा त्याच्या कपाळावर बसला. मग जे काही गाडीत झालं असेल! फ्लॉक गाडी पिटमध्ये घेऊन आला, माकड उतरवलं आणि दुसऱ्याऐवजी तिसरा आला. जॉकोची कारकीर्द तिथेच संपली.

तुमची गाडी थॉमसची आहे, माकड नको. पण झडप मी माझ्या दुसऱ्या हॉर्नेटला केली. उजव्या बाजूच्या पायाखालच्या जागेत सुईने चौकोन कोरला, कडेला काळ्या रंगाचं पातळ पाणी सोडलं आणि साखळीच्या जागी तांब्याची बारीक तार पिळून लावली. दार बंद केल्यावर काही दिसत नाही. मला माहीत आहे ना, ती तिथे आहे.

या गाडीचा तळ कोरायला मजा येते त्याचं कारण तिची रचना. हडसनने तळ चासीच्या पट्ट्यांच्या मधोमध खाली बसवला होता, आत शिरताना पायरी उतरल्यासारखं वाटायचं. गाडीचा भार जमिनीलगत आला, म्हणून वळणात ती इतरांपेक्षा स्थिर. इंजिन सहा सिलेंडरचं, ३०८ घन इंचांचं, म्हणजे सुमारे पाच लिटर, आणि १९५२ पासून त्यावर दोन कार्ब्युरेटरची ट्विन एच-पॉवर. आठ सिलेंडरवाल्यांना तिने घाम फोडला. त्या वर्षी मुख्य मालिकेतल्या ३४ पैकी २७ शर्यती हडसनच्या. बॉनेट उघडं ठेवणार असाल तर दोन्ही एअर क्लीनर लाल रंगवा, ते तसेच होते. आणि लाल रंगावर लाल धूळ दिसत नाही, तिथे थोडा तेलकट काळा द्या.

रंगकामाबद्दल दोनच गोष्टी. डबीतला लॅकर स्प्रे पावसाळ्यात मारू नका. तो झटकन उडतो, पृष्ठभाग गार पडतो, हवेतलं पाणी त्यावर बसतं आणि रंगावर पांढरट साय येते. चिपळुणात मी जून ते सप्टेंबर फक्त इंजिन आणि आतलं काम करतो, बॉडी दिवाळीच्या आसपास. दुसरं, नंबरांचे स्टिकर चकचकीत पृष्ठभागावरच बसवा, नाहीतर कडेला चंदेरी हवा अडकते. सगळं बसल्यावर मगच मॅट वार्निश. त्या काळी नंबर पेंटर हाताने काढायचे, आपल्याकडे ट्रकमागे अक्षरं काढतात तसे, त्यामुळे स्टिकरवर एखाद्या ठिकाणी त्याच रंगाचा ब्रश फिरवून कड किंचित वाकडी केलीत तर बरंच वाटतं.

काच सगळ्यात शेवटी, आणि फेविकॉलनेच. मी घाईत झटपट चिकटणारा गोंद वापरला होता. त्याच्या वाफेने काच आतून कायमची धुरकट झाली, आणि तोपर्यंत छप्पर चिकटवून झालं होतं. आता जो कोणी बघतो तो म्हणतो, वा, काचेवरची धूळ काय हुबेहूब जमलीय. मी काही बोलत नाही.